मामाच्या शेतातलं शिसं

स्क्रीनवर ५४ आकडा आला, हेडफोनमध्ये मधल्या पट्टीतला एक स्वच्छ, गोल आवाज वाजला आणि मामा बांधावरून ओरडले, "घावलं का काय?"

"बघतो, मामा."

"सोनं असलं तर हळू बोल."

दिवाळीची सुट्टी होती. नारायणगाव आणि जुन्नर यांच्या मधल्या पट्ट्यात मामाचं शेत आहे. कांद्याची लागण व्हायची होती, रान नांगरून मोकळं पडलं होतं. मी पुण्यात एका कंपनीत कोड लिहितो. त्या वर्षी बोनसमधून एक सेकंडहँड मेटल डिटेक्टर घेतला होता. कारण विचारलंत तर यूट्यूब. इंग्लंडमधले निवृत्त काका चिखलात उभे राहून रोमन नाणी काढतात, ते व्हिडिओ मी लॉकडाउनमध्ये इतके पाहिले होते की आपणही जुन्नरसारख्या गावचे भाचे आहोत, हे एक दिवस डोक्यात चमकलं. दोन हजार वर्षांची बाजारपेठ! काहीतरी मिळणारच.

तर त्या ५४ आकड्याखाली, साधारण वीतभर मातीत, एक राखाडी पांढरट चकतीसारखा तुकडा निघाला. जेमतेम दोन सेंटिमीटर रुंद. मामांनी हातात घेतला, वजन पाहिलं, "ढेकूळ हाय," म्हणाले आणि परत दिला. हा लेख त्या ढेकळाबद्दल आहे.

मेटल डिटेक्टर धातू ओळखत नाही, हे आधी सांगून टाकतो. त्याच्या गोल तबकडीत तारेची दोन वेटोळी असतात. एक वेटोळं सतत दिशा बदलणारं चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडतं. खाली धातू असला, तर त्याच्यात विजेचे छोटे भोवरे तयार होतात आणि ते भोवरे स्वतःचं क्षीण क्षेत्र परत पाठवतात. दुसरं वेटोळं ते ऐकतं. उत्तर किती उशिरा आलं यावरून मशीन आकडा काढतं, माझं ० ते ९९ मधला. लोखंड खाली, चांदी आणि जाड तांबं वर, बाकीचं सगळं जग मध्ये. पण उत्तराला होणारा उशीर फक्त धातूवर अवलंबून नसतो. जाडी, आकार, तुकडा आडवा आहे की उभा, यावरही असतो. कोड लिहिणाऱ्यांना हॅश कोलिजन म्हटलं की कळेल. इतरांसाठी: सोन्याची छोटी अंगठी आणि फवारणीच्या औषधाच्या बाटलीचं अ‍ॅल्युमिनियमचं सील, दोघांचा आकडा एकच येऊ शकतो. आणि शेतात अंगठ्यांपेक्षा सीलं फार जास्त असतात.

त्यात आपली जमीन. सह्याद्रीच्या काळ्या कातळात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं, म्हणजे त्या कातळाची माती स्वतःच थोडी 'वाजते'. मशीनला आधी जमिनीचा आवाज वजा करायला शिकवावं लागतं, तरीही इंग्लंडच्या शेतात जितकं खोल दिसतं तितकं इथे दिसत नाही. या यंत्राच्या पूर्वजाचंही असंच झालं होतं. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली आणि शरीरातली गोळी शोधायला टेलिफोनवाला अलेक्झांडर ग्रॅहम बेल आपलं यंत्र घेऊन गेला. यंत्र जिकडेतिकडे गुणगुणायला लागलं. दोष पलंगातल्या लोखंडी स्प्रिंगांवर गेला. शिवाय डॉक्टरांनी त्याला शरीराची उजवीच बाजू तपासू दिली, आणि गोळी निघाली डावीकडे. मृत्यूनंतर.

पहिल्या चार दिवसांत मला जे सापडलं ते असं: गोळ्यांची रिकामी पाकिटं, द्राक्षाच्या मांडवाची तार, ट्रॅक्टरचे नटबोल्ट, कुळवाच्या फासाचा तुटका तुकडा आणि बैलाच्या पत्र्या. पत्री म्हणजे बैलाच्या खुराला ठोकतात तो लोखंडी नाल. मामांकडे बैल नाहीत त्याला वीस वर्षं झाली, पण शेतात अजून बैल चालतायत असं वाटावं इतक्या पत्र्या निघाल्या. संध्याकाळी मात्र काम बंद. जुन्नर तालुक्यात उसाच्या कडेला वाकून बसलेला माणूस बिबट्याला माणूस वाटत नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगतं.

पाचव्या दिवशी दोन नाणी आली. पहिलं सोपं होतं. ईस्ट इंडिया कंपनीचा पाव आणा, त्यावर इंग्रजीत कंपनीचं नाव आणि १८३५ हे साल. तीन सेकंदांत ओळख पटली. दुसरं काळपट हिरवं, कडा झिजलेली, एका बाजूला 'छत्र' आणि 'पति' यांच्या मध्ये दोन आडव्या रेघा. दुदांडी शिवराई. मी उड्या मारत फोटो ग्रुपवर टाकला आणि एका मित्राने लगेच विचारलं, "महाराजांच्या काळातली?" मलाही तसंच वाटलं होतं. पण शिवराईची गंमत अशी की १६७४ च्या राज्याभिषेकानंतर सुरू झालेलं हे तांब्याचं नाणं त्याच नावाने पुढे दीडशे वर्षं आणि जास्त पाडलं गेलं, अनेक टांकसाळींमधून, आणि दुदांडी हा प्रकार पेशवाईच्या उत्तरार्धातला मानतात. नाण्यावर शिवाजी महाराजांचं नाव आहे, म्हणून ते त्यांनी पाडलेलं असं होत नाही. नाव छापलं म्हणजे तारीख कळली, हा समज माझ्या डोक्यातून निघायला तेव्हा सुरुवात झाली. (त्याच जुन्नरवर १६५७ मध्ये महाराजांनी रात्री छापा घालून तीन लाख होन आणि दोनशे घोडे नेले होते. होन सोन्याचे. त्यातला एखादा घाईत सांडला असेल का, हा विचार मी रोज सकाळी एकदा करायचो.)

आता ढेकूळ.

घरी येऊन त्याची घनता काढली. पद्धत इतकी सोपी आहे की तुम्हीही करू शकता. दागिने मोजायचा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा ऑनलाइन मिळतो. आधी तुकडा कोरडा मोजायचा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करायचा आणि तुकडा दोऱ्याने पाण्यात असा सोडायचा की तो पूर्ण बुडेल, पण तळाला टेकणार नाही. आता काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके मिलिलिटर त्या तुकड्याचं आकारमान. माझा तुकडा कोरडा ७.९ ग्रॅम, पाण्यात आकडा ०.७५. भागाकार १०.५.

चांदीची घनता १०.५.

दोन मिनिटं मी स्वयंपाकघरात नुसता उभा होतो. मामी भाकरी थापत होत्या, त्यांनी विचारलं, "बरं वाटत नाही का?"

पण चांदी असती, तर मशीनने ५४ कशाला दाखवलं असतं? त्या आकाराची चांदी ऐंशीच्या वर जाते. शिवाय चांदी काळी पडते, जमिनीत पांढरट पिठूळ होत नाही. मग डोकं शांत झालं. शिशाची घनता ११.३, पण जमिनीत राहिलेल्या शिशावर क्षारांचा पांढरा थर चढतो आणि तो शिशापेक्षा खूप हलका असतो. शुद्ध शिसं अधिक हलका थर, सरासरी १०.५ येऊ शकते. एका मोजणीने चांदी म्हटलं, दुसरीने मोडून काढलं. म्हणजे शिसं. (शिसं विषारी आहे. ज्या पेल्यात ते बुडवलं तो चहाचा होता, हे मामींना अजून माहीत नाही.)

आणि जुन्नरला शिसं म्हटलं की सातवाहन आठवतात. त्यांची बरीच नाणी शिशाची आणि पोटीनची, म्हणजे तांबं, कथील, शिसं अशा मिश्रणाची आहेत. एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला 'उज्जैन चिन्ह' म्हणतात ती अधिकच्या खुणेवर चार वर्तुळं, अशी नाणी त्यांच्यात नेहमीची. मी मोबाइलचा टॉर्च आडवा धरला आणि तुकड्यावर एक उंचवट्याची बाकदार रेघ दिसली. सोंड! मित्राला फोटो पाठवला, त्यालाही सोंड दिसली. आईला पाठवला, तिला गणपती दिसला.

इथे थोडं जुन्नरबद्दल बोलायला हवं, कारण माझा उतावळेपणा अगदीच बिनबुडाचा नव्हता. कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांवरून घाट चढून येणारा माल नाणेघाटातून जुन्नरला उतरायचा. घाटाच्या तोंडाशी लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. यज्ञांत दिलेल्या दक्षिणेची ती यादी आहे: गायी, घोडे, हत्ती आणि हजारांच्या हिशेबात कार्षापण, म्हणजे नाणी. आपल्याकडच्या अंकलेखनाचे अगदी जुने नमुने याच लेखात मिळतात. मला तो दगडावर कोरलेला बॅलन्स शीट वाटतो. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत शेकड्याने लेणी आहेत, लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, शिवनेरी, आणि त्यातल्या लेखांमध्ये दान देणारे लोक कोण आहेत पाहा. इरिल, चिट, चंद नावांचे यवन आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी आहे. बांबूकाम करणाऱ्यांची आणि कासकारांची, म्हणजे कासारांची, श्रेणी आहे, आणि लोक धर्मकार्यासाठी त्यांच्याकडे पैसे ठेव म्हणून ठेवतायत. धातू ठोकणाऱ्यांची संघटना इतकी विश्वासाची की लोक तिच्याकडे बँकेसारखे पैसे ठेवायचे. अशा गावाच्या मातीत शिशाचं नाणं असणं अशक्य नाही.

म्हणून मी पुण्यात पुरातत्त्व शिकवणाऱ्या एका मॅडमना फोटो, वजन, घनता, मशीनचा आकडा, सगळं व्यवस्थित स्प्रेडशीट करून पाठवलं. वाटलं, कौतुक होईल. त्यांनी फोन केला आणि फोटोबद्दल एक शब्दही न बोलता विचारलं:

"कुठे मिळालं?"

"मामाच्या शेतात."

"शेतात कुठे?"

"म्हणजे... मधे."

"किती खोल? कुठल्या रंगाच्या मातीत? बरोबर खापरं होती का?"

खापरं होती. मी ती बाजूला फेकली होती. मशीन त्यांच्यावर वाजत नाही ना.

मॅडम रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. त्या म्हणाल्या, सुट्या तुकड्याची ओळख पटवणं हा अंदाजाचा खेळ आहे. शिशाचं नाणं असेल, ठासणीच्या बंदुकीची चेपलेली छोटी गोळी असेल, मासेमारीच्या जाळ्याचं वजन असेल, दगडात लोखंडी गज बसवताना ओतलेलं शिसं असेल. घनता चौघांची सारखीच. चौघांना वेगळं करते ती जागा. डेक्कन कॉलेजने जुन्नरमध्ये उत्खनन केलं, तेव्हा एकेक थर अलगद काढत, प्रत्येक वस्तू कुठल्या थरातून आली याची नोंद ठेवत केलं. मी वीस सेकंदांत चार थर कुदळीने एकत्र केले होते.

फोन ठेवल्यावर मी दोन सापडलेल्या गोष्टींबद्दल वाचत बसलो, आणि त्या दोन्ही जुन्नरपासून फार लांबच्या नाहीत.

१९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. १३ हजारांहून जास्त नाणी. सगळी नहपानाची, म्हणजे क्षहरात क्षत्रपाची, ज्याचा अमात्य अयम याने जुन्नरच्या मानमोडी लेण्यात ४६ व्या वर्षी दान दिल्याचा लेख आहे. त्यातल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर नहपानाच्या चेहऱ्यावरच गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे मारलेले. नाशिकच्या लेण्यातल्या लेखात गौतमीपुत्राची आई बलश्री सांगते की माझ्या मुलाने क्षहरातांचा वंश संपवला. आईने मुलाबद्दल म्हटलेलं आपण एरवी किती मनावर घेतो? पण हा साठा पुरावा झाला. एक नाणं नाही, साठा. हजारो नाणी एका ठिकाणी, आणि त्यातली किती ठसे मारलेली, किती कोरी, ही मोजदाद. तीच नाणी एकेक करून शंभर जणांच्या खिशात गेली असती, तर प्रत्येकाकडे एक सुंदर नाणं असतं आणि कोणाकडेच तो पुरावा नसता.

दुसरं उदाहरण उलटं. १९७४ मध्ये प्रवरेच्या काठी दायमाबादला एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना चार ब्राँझच्या मूर्ती मिळाल्या. दोन बैलांचा रथ आणि त्यात उभा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा. चारींचं मिळून वजन ६० किलोंच्या वर. महाराष्ट्रात सापडलेल्या धातूच्या वस्तूंमध्ये यांच्या तोडीचं मला काही माहीत नाही. नंतर १९७५ ते १९७९ मध्ये सालींनी तिथे मोठं उत्खनन केलं. पण मूर्ती ज्या खड्ड्यातून निघाल्या, तो तेव्हा पुरातत्त्ववाल्यांच्या देखरेखीखाली खणलेला नव्हता. म. न. देशपांडे, एस. आर. राव आणि साली यांनी आजूबाजूच्या पुराव्यावरून त्यांना उत्तर हडप्पा काळात, म्हणजे सुमारे साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वी ठेवलं. डी. पी. अग्रवालांनी धातूचं विश्लेषण केलं तर त्यात एक टक्क्याहून जास्त आर्सेनिक निघालं, आणि तशी मिश्रणाची पद्धत त्या काळच्या इतर वस्तूंमध्ये दिसत नाही, म्हणून त्यांनी शंका घेतली. म्हणजे धातू अगदी दशांशापर्यंत ओळखला गेला, तरी वाद मिटला नाही. त्या शेतकऱ्याची यात काही चूक नव्हती, तो मूळ काढत होता. मी मात्र मुद्दाम शोधायला गेलो होतो.

पुढच्या शनिवारी परत गावी गेलो. निदान जागा तरी नक्की करू, मोबाइलवर जीपीएसची खूण करू, खापरं गोळा करू. मामा चहा पीत बघत होते.

"काय करतो?"

"मामा, ते नाणं ज्या मातीत मिळालं ती माती बघतोय. खालच्या थरात काय आहे ते."

"ती माती आपली कुठंय?"

"म्हणजे?"

"तळ्यातला गाळ हाय तो. दोन वर्षांमागं साठ ट्रॉल्या टाकल्या की रानात."

'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ पासून राज्यात सुरू आहे. तळी खोल होतात, रानांना सकस माती मिळते. मामांच्या कांद्याला तिने खरंच फरक पडला होता. गाळ वरच्या अंगाच्या पाझर तलावातला, तो तलाव ७२ च्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर बांधलेला. त्यात माती आली ती वरच्या सगळ्या ओढ्यांनी, पन्नास पावसाळे धुऊन आणलेली. म्हणजे माझं शिसं मामाच्या शेतातलं नव्हतंच. ते कुठल्या तरी उतारावरून निघालं, ओढ्याने तळ्यात आलं, जेसीबीच्या बकेटने ट्रॉलीत गेलं आणि मग मला ५४ आकड्याने भेटलं. थर वगैरे जे काही होतं, ते माझ्या कुदळीच्या फार आधी गेलेलं. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. पाव आणा आणि शिवराई तरी मामांच्या म्हणाव्यात की त्याही तळ्यातून आल्या? शिवराईवर नाव आहे, पण पत्ता नाही.

मग कायद्याचं. मला वाटायचं, सापडलं ते आपलं. १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा तसं म्हणत नाही. जमिनीत दडलेली १० रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली, तर काय सापडलं, अंदाजे किती किमतीचं, कुठे, कोणत्या तारखेला, हे लेखी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं आणि वस्तू सरकारी तिजोरीत जमा करायची किंवा जामीन द्यायचा. हा दहा रुपयांचा आकडा मूळ कायद्यातला आहे. १८७८ मध्ये तो बराच मोठा होता, आज कुठलीही झिजकी शिवराई त्याच्या वर जाते. वस्तू बेवारस ठरली आणि जमीनमालकाने हक्क सांगितला, तर वेगळा करार नसल्यास सापडणाऱ्याला तीन हिस्से, मालकाला एक. सरकार किंमत देऊन विकतही घेऊ शकतं. कळवलं नाही, तर वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. शिवाय पुरावस्तूंचा १९७२ चा कायदा आहे: शंभर वर्षांहून जुन्या वस्तूचा परवान्याशिवाय धंदा करता येत नाही आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. लेण्यांच्या, किल्ल्यांच्या संरक्षित आवारात मशीन घेऊन जायचा विचारही नको.

इंग्लंडमध्ये १९९७ पासून सापडलेल्या वस्तूंची नोंद करणारी सरकारी योजना आहे, छंदवाले स्वतः जाऊन जागा दाखवतात आणि दहा लाखांहून जास्त वस्तूंची नोंद झालीय. व्हिडिओतले काका नाणं काढून खिशात घालताना दिसतात, पुढचा फॉर्म भरताना दिसत नाहीत. तो भाग कोणी अपलोड करत नाही.

मी अर्ज लिहायला बसलो, तर घरात वाद. मामा म्हणाले, कागदावर नाव गेलं की उद्या कोणी येऊन रानच घेईल. मी म्हणालो, तीन हिस्से आपले आहेत. ते म्हणाले, कशाचे, ढेकळाचे? त्यांची खरी भीती वेगळी होती, ती रात्री जेवताना बाहेर आली. गावात बातमी पसरली की मामाच्या शेतात धन आहे, तर रात्री खणायला येणारे येतील, आणि त्यांच्याबरोबर लिंबू, बाहुल्या, अघोरी पूजा करणारेही येतील. ही काल्पनिक भीती नाही. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या नावाने होणाऱ्या अघोरी प्रकारांचा वेगळा उल्लेख करावा लागला, तो उगाच नाही. माझ्या हातातलं मशीन गावाच्या नजरेत त्याच परंपरेतलं होतं, हे मला कुठल्याच व्हिडिओने सांगितलं नव्हतं.

शेवटी अर्ज मीच माझ्या नावाने दिला. 'कुठे' या रकान्यात शेताचा गट क्रमांक आणि पुढे 'माती पाझर तलावातून आणलेली' असं लिहिलं. कार्यालयातल्या क्लार्कने दोनदा वाचलं, विचारलं, "सोनं आहे?" मी म्हणालो, "शिसं. आणि दोन तांब्याची." त्यांनी चश्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, पाकीट सील केलं आणि पोच दिली. ती पोच माझ्याकडे आहे. शिसं नाहीये, आणि ते काय होतं हे मला अजूनही सांगता येत नाही. सोंड मला दिसायला हवी होती, म्हणून दिसली.

मशीन वर्षभर माळ्यावर पडलं असतं, पण मे महिन्यात मामी म्हणाल्या, "आमच्या आंबेगावात ने की ते."

मामींचं माहेर जुनं आंबेगाव. तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे, ते गाव घोड नदीवरच्या डिंभे धरणात गेलं. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. बाबू गेनूही याच तालुक्याचे, महाळुंगे पडवळचे. पाणी खूप खाली गेलं की गावाचे अवशेष उघडे पडतात आणि विखुरलेले लोक बघायला येतात. आम्ही मंचर-घोडेगाववरून गेलो. हाच रस्ता पुढे भीमाशंकरला जातो. तिथे शनीच्या देवळापुढे टांगलेली मोठी घंटा बहुतेकांनी पाहिलेली असते. ती चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हाची, पोर्तुगीज चर्चची. तिच्यावरची ख्रिस्ती चिन्हं अजून दिसतात. मी गाडीत मामींना म्हणालो, बघा, इतकी लांब येऊनही ती घंटा आपला पत्ता सांगते. त्या म्हणाल्या, "ती घंटा आहे. तिला बोलता येतं."

चिखल वाळून भेगाळला होता. मामी सरळ चालत गेल्या, उजवीकडे वळल्या, एका दगडी जोत्यावर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हा आमचा ओटा." मला सगळे दगड सारखेच दिसत होते. ही जमीन आता सरकारजमा, आणि मी पोच मिळवलेला माणूस, म्हणून मशीन आणलं असलं तरी कुदळ आणली नव्हती. नुसतं फिरवायचं, असं ठरलं होतं. जोत्याच्या मागच्या बाजूला, मामींनी 'इथं उखळ होतं' म्हणून दाखवलं तिथे, आकडा ८६ आला. एकदम वरचा. चांदी.

"मामी, इथे चांदीचं काहीतरी आहे."

त्यांनी वाकून भेगेत बोटं घातली आणि गंजलेलं एक कडं ओढून काढलं. लोखंडाचं. मशीनला कडं नीट कळत नाही. लोखंड असलं तरी बंद गोलाकारात भोवरे जोरात फिरतात आणि आकडा चांदीचा येतो, हे मला वाचून माहीत होतं, पण त्या क्षणी आठवलं नाही.

"चांदी कसली," मामी म्हणाल्या. "मुसळाचं कडं आहे. आईचं मुसळ. खालून फुटलं म्हणून बाबांनी बसवून घेतलं होतं."

मी त्यांना विचारलं, नक्की तेच कशावरून. त्यांनी कड्याची एक बाजू दाखवली. तिथे जोड जरा वाकडा होता.

मग त्यांनी ते परत भेगेत ठेवलं, वर माती सरकवली आणि ओट्यावर बसून डबा उघडला. मी मोबाइलवर नोंद केली: आकडा ८६, खोली चार बोटं, लोखंडी कडं, मुसळाचं, वर काढलं नाही. 'कुठे' या रकान्यात जीपीएसचे आकडे लिहिले आणि पुढे मामींना विचारून त्यांच्या घराचं नाव.